पाळण्याची दोरी आणि यंत्राचा भाव

देऊळगाव राजाच्या पेठेत ज्यांचे दुकान खाली आणि संसार वर आहे, अशा घरांपैकी एखादे घर डोळ्यांसमोर आणावे. जुना वाडा गेला आणि त्या जागी तीन मजली पक्की इमारत उभी राहिली. तळमजल्यावर कापडाची पेढी, मधल्या मजल्यावर स्वयंपाकघर व बैठक आणि सर्वांत वर धाकट्या जोडप्याची खोली. माहेरी जाण्याचा दिवस ठरण्यापूर्वीच सूनबाईला कळा सुरू झाल्या, त्यामुळे पहिलेच बाळंतपण सासरी करावे लागले. पाच आठवडे आधी जन्मलेला, २ किलोंहूनही कमी वजनाचा नातू जालन्याच्या रुग्णालयात दोन आठवडे राहून आता घरी आला आहे. घरात आनंद आहे, पण तो आनंद अजून मोकळा श्वास घेत नाही.

वाड्यात पाळणा माजघरात टांगलेला असे. त्याची दोरी कधी आजीच्या हातात, कधी तांदूळ निवडणाऱ्या आत्याच्या पायाच्या अंगठ्यात. बाळ कण्हले तरी चार जणींना कळे. कुणी मुद्दाम लक्ष ठेवीत नसे, तरी लक्ष सर्वांचेच असे. नव्या इमारतीत प्रत्येकाला स्वतंत्र खोली मिळाली, दारे मिळाली, उन्हाळ्यासाठी कूलर मिळाला. पण वरच्या मजल्यावरचे रडणे स्वयंपाकघरापर्यंत येईनासे झाले. सूर्यास्तापूर्वी घरची पंगत उरकायची म्हणून संध्याकाळी सासूबाई व जाऊबाई चुलीपाशी गुंतलेल्या, खाली दुकानात गिऱ्हाइकांची गर्दी, आणि त्याच वेळी सूनबाई वर एकटी. ती जेवायला खाली येत नाही. रात्री दर अर्ध्या तासाने उठून बाळाच्या नाकाशी बोट धरते. आठ दिवसांत तिच्या डोळ्यांखाली काळे पडले, दूध कमी झाल्यासारखे वाटू लागले, आणि एका संध्याकाळी कारण नसताना ती ताटावरच रडू लागली.

सासूबाई म्हणाल्या, “अगं, आम्ही चार लेकरं वाढवली, कुठलं यंत्र होतं?” बोलणे प्रेमाचे होते, पण त्यात एक गोष्ट राहून गेली. त्या चार लेकरांच्या वेळी वाडा होता, दोन चुलत सासवा होत्या, आणि सासूबाईंचे स्वतःचे कानही आजच्यासारखे मंदावलेले नव्हते.

त्या रात्री चिरंजीवांनी मोबाइलवर शोध सुरू केला. बाळावर लक्ष ठेवणारी यंत्रे तीन तऱ्हेची दिसली. पहिली केवळ आवाज पोहोचविणारी: एक डबी बाळाजवळ, दुसरी आईजवळ. दुसरी चित्र दाखविणारी. त्यांत काहींना स्वतःचा पडदा असतो, तर काही घरच्या इंटरनेटवरून मोबाइलवर चित्र पाठवितात. तिसरी सर्वांत महाग: बाळाच्या पायात मोजा घालून नाडीचे ठोके व रक्तातील प्राणवायू सांगणारी. चिरंजीवांचे मन या तिसरीवर बसले. पडद्यावर जुनी किंमत खोडलेली, खाली निम्मी किंमत ठळक अक्षरांत, बाजूला घड्याळ उलटे धावते आहे, आणि लाल अक्षरांत सूचना: केवळ २ नग शिल्लक.

मामंजींना त्यांनी ते दाखविले. मामंजींची हयात गादीवर गेलेली. आश्विनात बालाजी महाराजांच्या यात्रेला गावात गर्दी लोटते, तेव्हा दुकानाबाहेर सवलतीचा फलक त्यांनीही कैक वर्षे लावलेला. ते चष्मा पुसत म्हणाले, “खोडलेल्या किमतीत हा माल कुणी, कधी घेतला होता का? ज्याचा मूळ भाव ठाऊक नाही, त्यावरची सूट मोजू नये. आणि दोन नग उरले म्हणतोस, तर उद्या सकाळी पुन्हा पाहा.” सकाळी पाहिले. घड्याळ पुन्हा पहिल्यापासून धावत होते आणि दोन नग तसेच शिल्लक होते.

गिऱ्हाइकाला घाई करविण्याच्या या रीतीला आता कायद्यातही नाव आहे. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये फसव्या मांडणीविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि अशा १३ प्रकारांची यादी दिली. खोटी निकड निर्माण करणे, गिऱ्हाइकाने न मागितलेली वस्तू वा सेवा हिशेबात सरकवणे, आधी कमी भाव दाखवून शेवटच्या पायरीवर आकार वाढविणे, हे सर्व त्यात आहे. २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनुसार विक्रेत्याचे नाव, माल कोणत्या देशात बनला, परत घेण्याच्या अटी आणि हमीचा तपशील गिऱ्हाइकाला दिसला पाहिजे. तक्रार आल्यास तिची पोच ४८ तासांत व निवारण महिन्याभरात व्हावे, अशी अपेक्षा आहे. वेष्टनावर छापलेली कमाल किरकोळ किंमत सर्व करांसह असते. तिच्यावर पुन्हा जीएसटी लावता येत नाही, आणि तिच्या खाली भाव करण्यास कसलीच आडकाठी नाही. व्यापारी घरांना यात नवे काही नाही. पण आपण काउंटरच्या दुसऱ्या बाजूला उभे राहिलो की व्यापारीही गिऱ्हाईकच होतो, आणि काळजीत पडलेला बाप तर सर्वांत भोळे गिऱ्हाईक असतो.

काळजीतून माल जन्माला येतो, हे या यंत्राच्या इतिहासातही दिसते. १९३२ मध्ये अमेरिकेत वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग यांचे तान्हे मूल घरातून पळविले गेले आणि सारा देश हादरला. त्यानंतर शिकागोच्या झेनिथ रेडिओ कंपनीचे प्रमुख यूजीन मॅकडोनाल्ड यांनी आपल्या लहान मुलीच्या खोलीतील आवाज दूरवर ऐकू यावा असे यंत्र करविले. १९३७ साली ते ‘रेडिओ नर्स’ या नावाने बाजारात आले. त्याचा बेकेलाइटचा डौलदार आकार प्रसिद्ध शिल्पकार इसामू नोगुची यांनी घडविला होता. बाळाजवळची पेटी आवाज टिपे आणि घरातील विजेच्या तारांतूनच तो दुसऱ्या पेटीपर्यंत जाई. गेल्या नव्वद वर्षांत तारा गेल्या, चित्र आले, आकडे आले. पण यंत्राचे मूळ काम तेच राहिले. ते बाळाचा आवाज आईपर्यंत नेते. बाळाला सांभाळत नाही.

भाव ठरविण्यापूर्वी माल समजून घ्यावा, म्हणून मामंजी चिरंजीवांना घेऊन जालन्याला निघाले. तपासणीचा दिवस होताच. ‘जालना, सोन्याचा पाळणा’ ही म्हण या मुलखात लहानथोरांच्या तोंडी आहे. बियाण्यांपासून लोखंडापर्यंत सारे तेथे मिळते. पण त्यांनी आधी बाजार गाठला नाही, बालरोगतज्ज्ञांचा दवाखाना गाठला. बाळ, त्याची आई व आजी बरोबर होतीच.

डॉक्टरांनी बाळाचे वजन केले आणि वाढले आहे असे पाहून समाधान दर्शविले. मोज्याच्या यंत्राचा प्रश्न निघाला तेव्हा त्यांनी सावकाश समजावले. रुग्णालयातील यंत्र आणि घरगुती वापरासाठी विकले जाणारे यंत्र ही एक वस्तू नव्हे. घरी असे यंत्र लावल्याने झोपेतील आकस्मिक मृत्यू टळतात, असे सिद्ध झालेले नाही, आणि त्यासाठी अशा यंत्रांवर विसंबू नये, असे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची अकादमीही सांगते. एखाद्या विशिष्ट आजारात डॉक्टरांनीच यंत्र लिहून दिले, तर गोष्ट निराळी. या बाळाला तशी गरज नव्हती. मोजा सरकला की यंत्र उगाच ओरडते आणि घर मध्यरात्री धावते. उलट ते गप्प असले की सर्व ठीक आहे असे घराला वाटते. यातले दुसरे अधिक धोक्याचे.

मग त्यांनी ज्या गोष्टी सांगितल्या, त्यांना दमडी लागत नव्हती. बाळाला झोपविताना नेहमी उताणे, सपाट व घट्ट अंथरुणावर झोपवावे. उशी, मऊ दुलई, खेळणी जवळ नसावीत. पहिले सहा महिने तरी बाळ आईच्याच खोलीत, पण स्वतंत्र अंथरुणावर असावे. कमी वजनाच्या बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवण्याची रीत, जिला कांगारू पद्धत म्हणतात, ती चालू ठेवावी. आई दमली की वडिलांनी, आजीनेही धरावे. खोलीत धुरी वा विडीचा धूर असू नये. आणि शेवटी त्यांनी आजींकडे वळून विचारले, “आजी, तुम्हाला एक मिनिट मोजता येईल ना?”

बाळ शांत असताना त्याचे पोट वर-खाली होताना पाहावयाचे आणि पुरते एक मिनिट श्वास मोजावयाचे. दोन महिन्यांखालील बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक भरले, तर थोडे थांबून पुन्हा मोजावयाचे. दुसऱ्यांदाही तसेच आले, तर घरी थांबावयाचे नाही. श्वास घेताना छाती आत ओढली जाणे, बाळाने दूध ओढण्याचे सोडणे, अंग तापणे किंवा गार पडणे, झटके येणे, हलविल्याशिवाय हालचाल न करणे, यांपैकी एकही दिसले तरी तोच नियम.

ही साधी रीत कोठून आली, हे महाराष्ट्रातील प्रत्येक घराने जाणावे असे आहे. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी १९८६ पासून गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेमार्फत काम आरंभिले. तेथे रुग्णालये दूर, रस्ते अपुरे आणि तान्ही मुले घरच्या घरी दगावत. ज्या सुईणींना अंक लिहिता-वाचता येत नव्हते, त्यांच्यासाठी बंग दांपत्याने मणी व एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ असलेले उपकरण तयार केले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्यापूर्वी शेवटचा निराळ्या रंगाचा मणी सरकला, तर न्यूमोनियाची शंका घ्यावयाची. पुढे ३९ गावांतील स्त्रियांना नवजात बाळाच्या घरगुती काळजीचे शिक्षण दिले गेले. तिसऱ्या वर्षापर्यंत तेथील नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले, असे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्याच वाटेने २०११ मध्ये नवजात बाळाच्या घरगुती काळजीचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. आज रुग्णालयात जन्मलेल्या बाळाला पाहण्यासाठी आशा सेविका ४२ दिवसांत सहा वेळा घरी येते, ती याच कार्यक्रमातून. सुखवस्तू घरांत तिला कधी कधी दारातूनच परत पाठविले जाते. ती चूक कुणी करू नये.

दवाखान्यातून निघताना खरेदीचा प्रश्न पुष्कळ सोपा झाला होता. मोज्याचे यंत्र बाद. मग यंत्र हवे तरी कशासाठी? सूनबाईनेच उत्तर दिले: “मला खाली येऊन सगळ्यांबरोबर जेवता आलं पाहिजे. तो रडला तर कळलं पाहिजे. एवढंच.” मामंजी म्हणाले, “मग एवढ्याचेच पैसे द्यायचे.”

बाजारात त्यांनी दुकानदाराला जे प्रश्न विचारले, ते कोणत्याही घराला उपयोगी पडतील. वीज गेली तर काय? इंटरनेटवरचे यंत्र वीज जाताच घरच्या राउटरबरोबर बंद पडते. बॅटरीवर चालणारी जोडी चालू राहते. तीन मजले आणि दोन स्लॅब ओलांडून आवाज येईल का? वेष्टनावरील अंतर मोकळ्या मैदानाचे असते, भिंतींचे नव्हे. म्हणून न चालल्यास आठ दिवसांत परत घेण्याचे त्यांनी पावतीवर लिहून घेतले. बॅटरी कोणत्याही दुकानात मिळणारी आहे का? हमी कोण देणार आणि दुरुस्ती कोठे होणार? चित्राचे यंत्र घेतल्यास कारखान्यातून आलेला पासवर्ड त्याच दिवशी बदलावा लागतो, अन्यथा घरातील खोली परक्याला दिसू शकते. बाळंतिणीच्या खोलीत कॅमेरा नकोच, असे सूनबाईने स्पष्ट सांगितले आणि मामंजींनी मान डोलावली. परदेशातील नातलगाकडून मागवावे, असा एक विचार चिरंजीवांच्या मनात होता. पण अमेरिकेतील वीज १२० व्होल्टची, आपली २३० ची. अडॅप्टर दोन्हींवर चालणारा नसेल तर पहिल्याच दिवशी जळतो. तेथे मोकळ्या असलेल्या रेडिओ लहरी येथे मोकळ्या असतीलच असे नाही, आणि तेथील हमी येथे बहुधा चालत नाही. स्वस्त वाटणारा माल असा महाग पडतो.

भावाचा हिशेब मामंजींनी आपल्या रीतीने केला. समजा, यंत्र ३,००० रुपयांचे आहे आणि दहा महिने वापरले, तर महिना ३०० रुपये पडले. तेच १५,००० चे असते तर महिना १,५०० पडले असते, आणि जादा १,२०० रुपयांत मिळाले असते केवळ आकडे, ज्यांचा अर्थ घरात कुणालाच लावता आला नसता. त्यांनी आवाजाची साधी जोडी घेतली. ती घेताना छापील किमतीवर घासाघीस केली, पण पावतीशिवाय आणखी कमी भाव देतो म्हणणाऱ्या दुकानाची पायरी उतरले. पावती नसेल तर तक्रारीला बूड नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आणि ५ लाखांपर्यंतच्या दाव्याला शुल्क न घेणारा जिल्हा ग्राहक आयोग, दोन्ही पावतीच्याच बळावर कामास येतात.

घरी आल्यावर बाळाकडील डबी पाळण्याच्या कठड्याला न बांधता ३ फुटांहून दूर, कपाटावर ठेवली. तारेत मान अडकण्याचा धोका असतो, हे डॉक्टरांनी बजावले होते. दुसरी डबी स्वयंपाकघरात फडताळावर. त्या संध्याकाळी सूनबाई बऱ्याच दिवसांनी पंगतीला बसली. डबीतून बाळाच्या चुळबुळीचा बारीक आवाज येत होता. सर्व जण बोलणे थांबवून तो ऐकत होते, आणि सासूबाईंनी डबी उचलून आपल्या कानाशी धरली. मग त्यांनी आवाजाचे बटण जरा वर केले. यंत्रावरचा त्यांचा आक्षेप तेथेच संपला.

पण आजींनी डॉक्टरांचा धडाही सोडला नाही. रोज सकाळी बाळाच्या अंगाला कोमट तेल लावण्यापूर्वी त्या भिंतीवरील घड्याळाकडे तोंड करून बसत आणि मोजत. जपमाळेची सवय असलेल्या बोटांना दहा-दहाचे मोजमाप अवघड गेले नाही. आकडा त्या पंचांगाच्या कोऱ्या जागेत मांडीत: ४४, ४८, ४६, ४२.

पाचव्या आठवड्यातील एका पहाटे डबीतून काहीच आवाज आला नाही. बाळ रात्रभर रडले नव्हते. चिरंजीव म्हणाले, “आज छान झोपला.” आजींनी दुपटे बाजूला केले. पोट भराभर हलत होते. त्यांनी मोजले: ६६. सूनबाईने छातीशी घेतले, बाळाने तोंड लावले आणि सोडून दिले. थोड्या वेळाने पुन्हा मोजले: ६८. पाऊलही हाताला गार लागले.

आजारी तान्हे मूल रडतेच असे नाही. पुष्कळदा ते शांत होते, आणि ती शांतता कोणतीही डबी ऐकवू शकत नाही. मामंजींनी दुकान उघडण्याची वाट पाहिली नाही. आईच्या छातीशी, उबेत गुंडाळून बाळ दिवस वर येण्याआधी जालन्याला पोहोचले. न्यूमोनियाची सुरुवात होती. डॉक्टरांनी पंचांगाचे ते पान हातात घेतले, आकडे क्रमाने वाचले आणि विचारले, “हे कुणी लिहिले?” आजी पदर सावरीत मागे उभ्या होत्या. वेळेत आणले म्हणून औषध लागू पडले. नवव्या दिवशी बाळ घरी आले.

यंत्राने चूक केली नव्हती. जेवढ्याचे पैसे दिले होते, तेवढे काम ते करीत होते: आईला दोन घास सुखाने खाऊ देत होते, रात्री सलग दोन तास झोप देत होते. विसावलेल्या आईलाच बाळाने दूध सोडल्याचे चटकन कळते. आणि आजीला मोजण्यासाठी जवळ बसावे लागते. ही दोन कामे निराळी आहेत, एवढे त्या घराने ओळखले.

बाळ दहा महिन्यांचे होऊन रांगू लागले, तेव्हा यंत्र पुसून, मूळ खोक्यात पावतीसह ठेवले गेले. विकून निम्मे पैसे येतील, असे चिरंजीव म्हणाले. त्याच सुमारास गल्लीतील दुसऱ्या एका घरी बाळंतीण आली. मामंजींनी विकण्याऐवजी ते खोके तिकडे पाठवावयाचे ठरविले आणि वहीत खर्ची टाकलेली रक्कम तशीच ठेवली. खोके घेऊन नातवाचे वडील निघाले, तेव्हा आजींनी कपाटातून सेकंदाचा काटा असलेले जुने घड्याळ काढले आणि त्याही बरोबर निघाल्या. त्या घरच्या आजीला मोजायला शिकवावयाचे होते.